मुलगी देताना स्थळ पाहता, मुलगा पाठवताना का नाही?

(कामधंद्यासाठी व शिक्षणासाठी पुण्यास येऊन राहिलेल्या आमच्या बालाघाटाकडील मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही व्याख्याते नव्हे. अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलेले आणि बीड जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत वीस वर्षे खडू झिजवलेले मास्तर आहोत. तेव्हा बोलणे साधे असेल. मध्येच एके ठिकाणी आमची स्वतःची चूकही सांगावी लागेल, ती ऐकून घ्यावी.

आधी एक विचारतो. घरी मुलीचे लग्न ठरत असले म्हणजे तुम्ही काय करता? पाच माणसे स्थळ पाहावयास जातात. घर पाहतात, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते विचारतात, दावणीची जनावरे मोजतात, आणि ती शेजाऱ्याची आणून बांधलेली नाहीत ना, याचीही गुपचूप चौकशी करतात. सासू कशी, डोक्यावर कर्ज किती, मुलाला व्यसन काय, हे सारे परत येताना फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता काढून घेतात. मुलाकडचा माणूस म्हणाला, आमची वीस एकर बागाईत, तर त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. सातबारा काढून पाहतात. एवढी आपली माणसे चतुर. पण तीच माणसे मुलाला पुण्यास धाडताना, किंवा स्वतः बायकापोरांसह कोयता घेऊन निघताना, स्थळ पाहत नाहीत. कोणीतरी सांगितले, आपण ऐकले आणि निघालो, असे होते.

शहरातले शिकलेले लोक यावर म्हणतात की खेडूत अडाणी, त्याला माहिती नसते. हे आम्हांस मान्य नाही. माहिती गावात रोज येते. पण ती ज्याच्या तोंडून येते त्यालाच ती वाकवून सांगण्याचे काही कारण असते, हे खरे दुखणे आहे. कोणाला त्यात पैसा असतो, कोणाला लाज असते, कोणाला भीती असते.

उसाचेच घ्या. दिवाळीच्या सुमारास आमचा वर्ग निम्मा रिकामा होतो. ज्यांची आजी घरी राहते किंवा ज्यांना गावच्या हंगामी वसतिगृहात जागा मिळते ती पोरे उरतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर जातात. आता या आईबापांना विचारा की मुकादमाकडून उचल किती घेतली, तर पैशासह सांगतील. कारखाना कोणता, हे बरेच वेळा सांगतात. पण फड कोठे, कोपी घालावयाची जागा कशी, पाणी किती लांबून आणावयाचे, दवाखाना किती कोसांवर, याचे उत्तर नाही. दोन वर्षांमागे आमच्या गावची एक टोळी कर्नाटकात जावयाची आहे, हे टोळीतल्या बायकांना ट्रॅक्टरमध्ये बसल्यावर समजले. हे असे का होते? बाई म्हणाली, "गुरुजी, आता इचारून काय करू? उचल तर आखाडातच लेकीच्या लग्नात गेली." यात अडाणीपणा कोठे आहे? जागा कळण्याआधीच पैसा खर्चून झालेला असतो आणि माणूस बांधला गेलेला असतो. मग जागेची चौकशी म्हणजे गेलेल्या एसटीचे तिकीट विचारण्यासारखे.

दराचीही तीच गत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात शेकडा ३४ टक्के वाढ ठरली. टनामागे सुमारे २७३ रुपये होते ते सुमारे ३६६ झाले. वर्तमानपत्रांत मोठी अक्षरे आली. आमच्या वर्गातल्या मुलांच्या आईबापांना आम्ही विचारले, तेव्हा वाढ झाली एवढे सर्वांना ठाऊक होते, पण नवा दर किती हे सांगणारे मोजकेच निघाले. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि वही हंगाम संपल्यावर उघडते. उचल फिटली नाही तर तीच पुढल्या हंगामाला पायात अडकते. आम्ही त्या वर्षी चौथीच्या मुलांना गुणाकार शिकवताना २७३ आणि ३६६ हेच आकडे घेतले. मुले घरी जाऊन बापाला गणित विचारू लागली. एक मुकादम शाळेत येऊन आम्हांस म्हणाला, "गुरुजी, पुस्तकातलंच शिकवा की." असो.

ही रीत आजची नाही. १८३४ पासून मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारी मजूर नेऊ लागले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे मराठी शेतकरी व मजूरही गेले. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी करतात आणि त्या दिवशी त्या देशात सार्वजनिक सुटी असते. तेथे दगड उचलला की खाली सोने सापडते, अशी थाप देऊन आपल्या पूर्वजांना आणले, अशी आठवण तेथील लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. अशा वसाहतींत पुढे जो करार चालला तो बहुधा पाच वर्षांचा असे. तो मोडला, कामावर गेला नाही, तर मजुराला गुन्हेगारासारखी शिक्षा होई. मजुरी किती हे अंगठा घेताना सांगत, पण तुरुंगाचे कलम कोणी समजावून सांगत नसे. पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ४ मार्च १९१२ रोजी मोठ्या लाटसाहेबांच्या कौन्सिलात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले होते. त्यांच्या आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या वाटा निराळ्या होत्या, पण खऱ्याला खरे म्हणावे. ठराव त्या दिवशी पडला. मजुरांची ही भरती १९१७ साली बंद झाली.

आता आमची चूक सांगतो. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारूनच सांगत आहोत.

२०१४ साली शेजारच्या गावचा एक मुलगा पुण्यास अभ्यास करून मोठा अधिकारी झाला. वेशीवर फलक लागला, हलगी वाजली, गुलाल उधळला. आम्ही त्याला शाळेत बोलावून हार घातला आणि पोरांना म्हणालो, "बघा, पुण्याला गेला म्हणून झाला." त्याच आठवड्यात आमच्या गावचे सुतार आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमच्याच हाताखाली शिकलेला, हुशार, नुकताच पदवीधर झालेला. सुतार म्हणाले, "गुरुजी, पाठवू का?" आम्ही म्हणालो, "डोळे मिटून पाठवा."

डोळे मिटून! हाच शब्द आमच्या तोंडून गेला. किती जागांसाठी किती मुले बसतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. पुढे आकडे पाहिले. राज्यसेवेच्या २०१९ च्या परीक्षेत जागा होत्या ४२० आणि अर्ज करणारे होते साडेतीन लाखांच्या वर. निवड झालेल्यांच्या मिरवणुका त्यांच्या त्यांच्या गावांनी पाहिल्या. बाकीच्यांची मिरवणूक कोण काढणार? ते रात्रीच्या एसटीने गुपचूप घरी येतात, नाहीतर येतच नाहीत. म्हणजे गावाला जी बातमी पोचते ती केवळ जिंकलेल्याची असते. क्लासवाल्यांच्या फलकांवरही तेच चेहरे. एकच मुलगा तीन तीन क्लासांच्या फलकांवर हसताना आम्ही याच शहरात पाहिला आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा जाहिरातींविरुद्ध नियम काढले. निवड झाल्यावर त्या मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय क्लासाला त्याचे नाव व छायाचित्र वापरता येत नाही आणि त्याने तेथे नेमका कोणता अभ्यासक्रम केला होता तेही जाहिरातीत सांगावे लागते. मुलाच्या बापाने क्लासच्या पायरीवर उभे राहून ही दुसरी गोष्ट जरूर विचारावी. निकालाआधी नुसती मुलाखतीची तयारी करून घेतलेल्या मुलालाही 'आमचा विद्यार्थी' म्हणण्याची चाल फार आहे.

सुतारांनी आधी दारातली सागाची लाकडे विकली, मग म्हैस विकली, शेवटी वाट्याची दीड एकर गहाण टाकली. मुलगा पुण्यात नव्या पेठेत खाटेच्या भाड्याने राहिला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो, एका खोलीत पाच-सहा खाटा, भाडे खाटेचे. मेस, अभ्यासिका आणि खाट मिळून महिना सात-आठ हजार, क्लासची फी निराळी. असा तो सात वर्षे राहिला. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि पुण्यातली मुले रस्त्यावर बसली, तेव्हा गावात आम्ही सर्वांनी टीव्हीवर पाहिले. गर्दीत त्याचा चेहरा शोधत सुतारीणबाई आमच्या घरी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी पोरं बसत्यात व्हय परीक्षेला?" सात वर्षांत ही पहिली खरी बातमी त्या घरात शिरली, आणि तीही मुलाकडून नव्हे.

दिवाळीला मुलगा यायचा तो इस्त्रीचा सदरा घालून. "अवंदा दोन मार्कांनी गेली," म्हणायचा. बाप चारचौघांत सांगायचा, लेक साहेब होणार. २०२२ साली आम्ही कामानिमित्त पुण्यास आलो असता एका सिग्नलवर तो दिसला. पाठीवर पार्सलाची मोठी पेटी. आम्हांस पाहून खाली उतरला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, गावात सांगू नका."

आम्ही सांगितले नाही. त्याची अब्रू राखली असे आम्हांस तेव्हा वाटले. पण त्याच जून महिन्यात आमच्या गावची आणखी दोन मुले पुण्यास गेली. कोणाकडे पाहून गेली? त्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहून. त्यांच्या बापांनी आम्हांस विचारले होते, आणि आम्ही सिग्नलवरची गोष्ट पोटात ठेवून "बघा बुवा, तुमची मर्जी" एवढेच म्हणालो. पहिली चूक अज्ञानाची होती. या दुसऱ्या चुकीला तसे नाव देता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या मुलानेच आम्हांस दाखवली. याच पुण्यात घराघरांतून लाकडी कपाटे, ओटे, पलंग बनवणारे कारागीर पाहा. त्यांत कित्येक राजस्थानातले व उत्तर प्रदेशातले आहेत. हजार मैलांवरून ते कसे आले? चुलत्याने पुतण्याला आणले, सहा महिने जवळ ठेवले, कोणता ठेकेदार पैसे बुडवतो ते सांगितले, मग हातात करवत दिली. त्यांच्या गावी पुण्याची बातमी कारागिराच्याच तोंडून जाते आणि पुतण्याला खोटे सांगून चुलत्याला काही मिळावयाचे नसते. आमच्या सुताराच्या मुलाला मात्र त्याच्या बापाच्या रंध्याला पुण्यात काय भाव आहे, हे सात वर्षे कोणी सांगितले नाही. सांगणार कोण? मास्तर म्हणाला होता साहेब हो.

आता उलटी गोष्ट, कारण माणूस ऐकून फसतो तसा न ऐकून घरीही बसतो. आमच्या गावची एक बाई, कोयत्यावर जाणारी, आम्हांस विचारीत होती, "गुरुजी, पुण्याला सैपाकाचं काम मिळंल का? बहीण हाये तिथं." आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, पुणे महाग, भाड्यातच सारे जाईल. बहिणीला विचारले तर तीही दरवेळी म्हणे, भागतंय कसंबसं. बाईने आणखी तीन हंगाम ऊस तोडला. मग बहीण आजारी पडली म्हणून ही महिनाभर तिच्या जागी कोथरूडच्या घरांत कामाला गेली, तेव्हा उलगडा झाला. चार घरांच्या स्वयंपाकाचे जे मिळत होते ते उसापेक्षा पुष्कळ बरे होते. बहिणीने का सांगितले नाही? सांगितले असते तर दिरांनी मागितले असते, भावाने मागितले असते, जत्रेची वर्गणी दुप्पट झाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी तिने मूठ झाकली, आणि त्या झाकल्या मुठीपायी सख्खी बहीण तीन वर्षे फडात राबली. आज दोघी बहिणी येथेच आहेत. धाकटीचा मुलगा यंदा दिवाळीनंतरही शाळेत होता, येथल्या शाळेत.

हे आमच्याच गावचे नव्हे. आफ्रिकेत केनिया देशातील खेड्यांत असेच पाहणाऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. नैरोबी शहरात काय मिळकत होते याचा खेड्यातल्या लोकांचा अंदाज खऱ्याहून पुष्कळ कमी होता, कारण गेलेली माणसे घरी मिळकत लपवीत. खरी मिळकत सांगितल्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढली.

पण नुसते सांगितल्याने नेहमी भागत नाही, हेही ऐका. बांगलादेशात रंगपूरकडे भाताच्या कापणीआधी दोन-तीन महिने उपासमारीचे असतात. २००८ साली काही विद्वानांनी तेथे गावोगाव एक प्रयोग केला. काही घरांना शहरातल्या कामाची व मजुरीची माहिती दिली. काही घरांना एसटीच्या भाड्याएवढे, सुमारे सहाशे टका, दिले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यातली शंभरांत सुमारे ३६ घरे माणूस बाहेर पाठवीत होती. माहिती दिलेल्यांतलीही तेवढीच. भाडे मिळाले तेथे मात्र सुमारे ५८. आणि पुढल्या वर्षी भाडे दिले नाही तरी त्यांतली पुष्कळ पुन्हा गेली, कारण आता त्यांनी स्थळ डोळ्यांनी पाहिले होते, मालकाची ओळख झाली होती. पुढे तीच योजना फार मोठी केली तेव्हा तसा गुण आला नाही आणि २०१९ मध्ये ती बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. तरी आम्ही त्यातून आमच्यापुरते एवढे घेतो की गरिबाला परक्याच्या माहितीवर पैज लावणे परवडत नाही. हातचा दाणा गेला तर चूल विझते. त्याला एकदा जाऊन बघून परत येण्याची सोय हवी.

बातमी शिळी असली तरीही नुकसान करते, हे आम्ही मास्तर लोकांनी फार जवळून पाहिले आहे. आम्ही डी.एड. झालो आणि लागलीच नोकरी मिळाली. ते पाहून खेड्यापाड्यांतल्या बापांनी जमिनी विकून मुलामुलींना डी.एड. केले, विद्यालये भराभर निघाली, आणि २०१२ नंतर भरती कित्येक वर्षे जवळजवळ ठप्प झाली. आमच्याकडे बोट दाखवून, "त्यांचं झालं, तुझंही होईल," म्हणणाऱ्यांचे काय खोटे होते? काही नाही. फक्त ती बातमी दहा वर्षांपूर्वीची होती.

मग जुन्या लोकांनी काय केले? मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून माणसे गेली, ती गावकऱ्यांच्या खोलीत उतरत. एका खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसे, आळीपाळीने झोपणारी. हाल होते, त्यांचे गोडवे आम्ही गात नाही. पण तेथे एकाने गावी थाप मारली तर दुसरा खरे सांगावयास हजर असे. आणि वर्तमानपत्रानेही ते काम केले. पुण्यात १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला, तो पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईस नेऊन चालवला. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. कामाचे तास किती, सुटी का नाही, पगार कधी हातात पडतो, हे त्यांना आतून ठाऊक होते. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली.

आजच्या पुण्यात गावकऱ्यांची खोली नाही. आमची पोरे खाटेखाटेवर विखुरली आहेत, कोणी हिंजवडीला, कोणी चाकणला, कोणी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातपासून उभा. गावाला फोटो जातो तो मॉलपुढचा. म्हणून हे बोलणे आम्ही गावात न करता तुमच्यापुढे येऊन करीत आहोत. गावाकडे बातमी पाठवणारे तुम्ही आहात. दिवाळीला पारावर बसून तुम्ही जे सांगता त्यावर कोणाची तरी म्हैस विकली जाते, किंवा कोणी बाई आणखी एक हंगाम फडात जाते.

आता तुमची लाज किंवा तुमची मिळकत चव्हाट्यावर मांडा, असे आम्ही म्हणत नाही. ते कोणालाच जमावयाचे नाही, आम्हांसही सिग्नलवरची गोष्ट सांगावयास बरीच वर्षे लागली. त्यासाठी येथे एक वही केली आहे. तीत नाव घालावयाचे नाही. काम कोणते, महिना हातात किती पडतात, खोलीचे भाडे किती, पहिले काम मिळावयास किती दिवस गेले, कोणी पैसे बुडवले का, आणि हे काम सख्ख्या भावाला सांगाल का, एवढेच लिहावयाचे. दर वर्षी नवी वही, म्हणजे शिळी बातमी राहणार नाही. ती आमच्या शाळेत राहील आणि मागेल त्याला आम्ही वाचून दाखवू. पहिले पान सुताराच्या मुलाने भरले आहे. सात वर्षांचा खर्च वर्षवार लिहिला आहे, आणि त्याखाली आता चाकणला कारखान्यात मिळतो तो पगार. बापाला त्याने गेल्या पाडव्याला सर्व सांगितले. सुतार दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, ते दुसरे दोघे गेलेत, त्यांच्या बापांना घेऊन पुण्याला जाऊन येऊ."

तर ते तिघे येत्या महिन्यात येत आहेत. जाण्यायेण्याच्या भाड्याची वर्गणी गावात झाली आहे. अभ्यासिका, मेस, क्लास, चाकणचा कारखाना आणि एक-दोन फर्निचरचे कारखाने त्यांना पाहावयाचे आहेत. चार रात्री राहण्याची सोय हवी आणि दाखवावयास बरोबर कोणी तरी हवे. ज्यांना जमेल त्यांनी दारापाशी ठेवलेल्या कागदावर नाव व फोन लिहावा. वहीही तेथेच आहे. आमची गाडी रात्री नऊला आहे, तोवर आम्ही येथेच बसतो.